सात नंबरच्या कॅमेऱ्यासमोर विणताना

१० नोव्हेंबर, सोमवार
सकाळची गस्त ५.३० ते ९.४०. अकरा कि.मी. जंगलातल्या कुटीवर आलो तेव्हा पोटात कावळे. एकाच कुकरात तीन डबे: खाली तांदूळ, मधे लाखोळीची डाळ, वर वांगे-बटाटे. चार शिट्ट्या होईपर्यंत अंघोळ आणि टोपीची दीड ओळ. शिट्ट्या मोजाव्यात की टाके, असा घोळ झाला. डाळ नीट शिजली, टोपीत एक टाका जास्त आला. उसवला.

लोकर पिवळी, सावली गावच्या बाजारातली. मुलगा झाला तरी चालेल, मुलगी झाली तरी. ताईला डिसेंबरच्या मध्यावरची तारीख आहे. चिमूरहून माहेरी आली आहे. पहिले बाळंतपण.

मनसाराम भाऊ जेवताना म्हणाले, "काऊन रे पोट्ट्या, मागच्या जन्मी बाई होता का तू?"
मी म्हटले, "भाऊ, आमच्यात मागचा जन्म मानत नाहीत."
"तं मंग याच जन्मी झाला म्हन."

कुटीवर आम्ही दोघेच. त्यांना जंगलात तीस वर्षे झाली, मला दोन. दोघेही वनखात्यात रोजंदारीवर. दोघांची मुदत ३० तारखेला संपते. कोणाला परत घ्यायचे ती नवी यादी मोठे साहेब रेंज ऑफिसातून काढतील.

१२ नोव्हेंबर
संध्याकाळची गस्त लांबली. नीलगाय, रानकुत्र्यांची विष्ठा, नाल्याजवळ वाघिणीचा जुना पग, पंजाचा ठसा. सगळे नोंदवहीत लिहिले. वनरक्षक मॅडम म्हणतात, तुझी नोंदवही चांगली असते. दहावीत इंग्रजी गेले, परत बसलो नाही. अक्षर मात्र शाळेपेक्षा चांगले झाले.

जेवायला नुसता भात, जवसाची चटणी, कांदा. पाच मिनिटांत.

टोपीची कड झाली. २ सु. २ उ., बारा ओळी. हाताला आता सुलट-उलट बघावे लागत नाही. टायफॉइडमध्ये दोन महिने घरात पडून होतो तेव्हा ताईनेच शिकवले. आता तिला कंटाळा येतो, म्हणते तूच कर.

१४ नोव्हेंबर, शुक्र.
कॅ. ७ चे, म्हणजे जनावरांचे फोटो आपोआप काढणाऱ्या सात नंबरच्या कॅमेऱ्याचे, सेल बदलले. भाऊंचा गुडघा फारच धरला होता. वरच्या वळणावर मोहाखाली बसले. "तू जाऊन ये ना बाप्पा, मी आठ वाजेतोवर जरासाक शेकतो उन्हात." नियम दोघांनी जायचा आहे. मी एकटा उतरलो. पाव कि.मी.च आहे.

सेल टाकले, पेटी बंद केली. आठला बराच वेळ होता. समोरच्या आडव्या ओंडक्यावर बसून टोपी काढली. ऊन पाठीवर. दूर कुठेतरी सुतारपक्षी. अठरा ओळी! महिन्याभरात इतकी निवांत बैठक मिळाली नव्हती. उठावेसे वाटत नव्हते.

नोंदवहीत लिहिले: कॅ. ७, दोघे हजर. भाऊंनीच सांगितले तसे लिही म्हणून. पेन दोनदा टेकवले, मग लिहिले.

१७ नोव्हें.
भाऊ काल घरी जाऊन आले, दही आणि मूठभर सुकी मोहफुले आणली. केक करून पाहिला. वाटीभर रवा, वाटीभर दही, पाऊण वाटी साखर, जरा तेल, बडीशेप. मोहफुले धुऊन, आतले धागे काढून, बारीक चिरून. खायचा सोडा अगदी शेवटी.

गंजात (पातेल्यात) दोन बोटे रेती तापवली, रेतीत रिकामी वाटी पालथी, तिच्यावर डबा, वर ताट, ताटावर निखारे. ओव्हन-बिव्हन काही नाही. चाळीस मिनिटे. दोनदा उघडून पाहिले, उघडू नये हे माहीत असून. मधे बसला नाही! वरून तांबूस, मोहाचा वास.

भाऊ: "मोह खाऊन ड्युटी करावं लागते, मॅडमले सांगजो नको."
दोन तुकडे खाल्ले. तिसरा फडक्यात बांधून ठेवला, म्हणाले नातवाले.

टोपी वरून आवळत आणायची आहे. प्रत्येक दुसऱ्या ओळीत आठ टाके कमी. सोपे आहे.

२० नोव्हें., गुरुवार
आज कॅमेऱ्यांची कार्डे काढायचा दिवस. नऊ कॅमेरे, नऊ कार्डे. मॅडमने दिलेला रीडर मोबाईलला लावून कुटीवर प्रत्येक कार्ड तपासायचे, मग पाकिटावर नंबर घालून द्यायचे.

कॅ. ७ च्या कार्डात मी आहे.

एकाहत्तर फोटोंत मी आहे. १४ तारीख, सकाळी ७.०८ ते ७.४७. पेटी बंद करताना सवयीने बटन चालू करून टाकले होते आणि मी समोरच बसलो. हात हलला की फोटो, सुई हलली की फोटो. पहिल्या फोटोत टोपी चार बोटे, शेवटच्यात वीतभराला थोडी कमी. एका फोटोत चुकलेला टाकासुद्धा दिसतो. बारावी ओळ, डावीकडे. तो मी आत्तापर्यंत पाहिला नव्हता.

आणि प्रत्येक फोटोत एकटा.

मोबाईल तसाच ठेवून बाहेर गेलो. परत आलो. पुढचे फोटो पाहायचे राहिले होते. पाहिले.

त्याच सकाळी ७.५६ ला वाघीण. तिच्यामागे दोन पिल्ले. माझ्याच ओंडक्यापाशी थांबली, वास घेतला. ७.५६ वजा ७.४७.

जेवण केले नाही. भाऊंनी खिचडी टाकली, ती करपली, तरी खाल्ली त्यांनी.

२१ नोव्हें.
सकाळची गस्त. मागे वळून वळून पाहत होतो. भाऊ दोनदा म्हणाले, "समोर पाय ना बे, पडशीन."

दुपारी त्यांना दाखवले. आधी माझे फोटो. हसले. "अरे! फिलमस्टार झाला तू तं." मग मी सांगितले, भाऊ, यात मी एकटा आहे. नोंदवहीत दोघे लिहिले आहे. माझ्या अक्षरात.

हसणे थांबले.
"काढून टाक ते फोटू."
"प्रत्येक फोटोला नंबर असतो. मधले एकाहत्तर गेले तर मॅडमला लगेच कळेल."
"तं कार्डच हरवलं म्हन."
"पुढे वाघीण आहे," म्हटले. तिचे फोटो दाखवले.

भाऊ किती तरी वेळ मोबाईल हातात धरून बसले. वेळ वाचता येत नाही त्यांना बारीक आकड्यात, मला विचारले. मी नऊ मिनिटे सांगितली. उठून लाकडे फोडायला गेले, लाकडे पुरेशी असताना.

सर्वांना माहीत आहे, गेल्या उन्हाळ्यापासून रेंजला हाच फोटो हवा आहे. वाघीण पिल्लांसह आहे की नाही, यावरून वाद चालू आहे. तो फोटो आमच्याकडे आहे, आणि माझ्या फोटोंशिवाय देता येत नाही.

२२ नोव्हें.
टोपी हातात घेतली, ठेवली. टाके मोजता येईनात. आठ कमी करायचे होते, सोळा केले. उसवायला घेतले तर चार ओळी जास्तच उसवल्या.

अंबाडीची भाजी केली. मिठाचा अंदाज दोनदा. भाऊ म्हणाले, "समुद्र आणला का सावलीले?"

मी मनात हिशोब लावतो आहे: मी सांगितले तर भाऊ जातील. पन्नाशी ओलांडली, गुडघा असा, यादीत परत घेणार नाहीत. न सांगितले तर कार्ड लपवावे लागेल आणि तेही माझ्याच्याने... मी जन्मात काही लपवलेले नाही. १४ तारखेची ती एक ओळ सोडून.

माय फोनवर म्हणाली, आवाज असा काऊन लागून राह्यला तुजा. म्हटले थंडी आहे.

२३ नोव्हें., रवि.
सकाळी उठलो तर नऊ पाकिटे जागेवर नाहीत. भाऊही नाहीत.

दहा वाजता आले, गुडघा धरत. नाक्यापर्यंत पायी गेले, एकटे! मॅडमची गाडी तिथे येते रविवारी.
"देल्लं," म्हणाले.
"सगळी?"
"सगळी. सात नंबर मीच हातात देल्ला. म्हटलं, मॅडम, यात पोट्टा येकटा हाये. त्याले मी सोडलं येकटा. तो नाई म्हनत होता."
मी नाही म्हटले नव्हते. १४ तारखेला मी एक शब्द बोललो नव्हतो, मजेत उतरलो होतो. तसे म्हणालोही.
"मले शिकवतो का? वाघीन तुह्या जागेवर वास घेते अना मी तिकडं उन्हात पाय पसरून. गप बस."

मग मी पानगे केले. कणीक, ओवा, जरा तेल, पळसाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यात. दुसरे काय करणार? भाऊंनी सहा खाल्ले. हात भाजला माझा, करंगळी.

२५ नोव्हेंबर
मॅडम कुटीवर आल्या. मी उभाच. लॅपटॉप उघडून एकेक फोटो. एकाहत्तर संपायला किती वेळ लागतो!
"हे काय करतो आहेस?"
"विणतोय मॅडम. ताईच्या बाळाला."
"ड्युटीवर?"
पुढे वाघीण आली तेव्हा खुर्ची पुढे ओढली त्यांनी. पिल्ले दोनदा मोजली. मग परत माझ्या शेवटच्या फोटोवर गेल्या, वेळ पाहिली, आणि माझ्याकडे पाहिले.
"सगळे फोटो वर पाठवते. तुझेही. मधून काढणार नाही."
"नका काढू," म्हटले.
नोंदवही मागितली. १४ चे पान काढले, पानाचा फोटो घेतला. चहा केला होता, घेतला नाही. जीपमध्ये बसताना मात्र: "सुमेध, तुला कळतंय का काय झालं असतं?"
कळते आहे. तेच तर कळते आहे रोज.

२७ नोव्हें.
गस्त दोन्ही वेळ. आता ओंडका दिसला की पाय आपोआप लवकर पडतात. कॅ. ७ ला भाऊ सोबत आले, गुडघ्याला फडके बांधून. उतरताना माझा खांदा धरला. कॅमेऱ्यासमोर जाऊन उभे राहिले, हात जोडले त्याला. "घे, माहाबी फोटू."
खूप हसलो. आठ दिवसांत पहिल्यांदा.

आल्यावर टोपीच्या सहा ओळी झाल्या, बिनचूक.

२९ नोव्हें.
निरोप आला. सोमवारी ११ वाजता दोघांनी साहेबांपुढे हजर राहायचे. यादी अजून लावलेली नाही.

संध्याकाळी भात-पिठले. जेवताना भाऊंनी ठरवून टाकले: "सायेब इचारतीन, पोट्टा येकटा काऊन होता. मी सांगीन, मी सोडला. तू सांगजो, भाऊनं सोडलं."
मी म्हटले, मी सांगणार आहे की मीच पुढे गेलो, भाऊंनी थांब म्हटले होते.
"खोटं बोलतो?"
"तुम्हीही तेच करताय. मॅडमला सांगितले, पोरगा नाही म्हणत होता म्हणून."
भाऊंनी ताट बाजूला सारले. "माहं वय झालं. तुही अजून पुरी नोकरी हाये. लगन हाये. ताईचं लेकरू हाये."
"तुमचा नातू नाही का?"
भाऊ उठून हात धुवायला गेले.

खरे सांगायचे तर असे: त्यांनी पाठवले, मी गेलो, दोघांनाही बरे वाटले. पण हे उत्तर दिले तर दोघेही घरी.

३० नोव्हें., रवि.
मुदत आज संपली. तरी सकाळची गस्त केली. कोणी सांगितले नव्हते.

बेसनाचे धिरडे, टोमॅटो आणि सांबार (कोथिंबीर) घालून. चार केले, मी एकच खाल्ले. कुटी झाडली, भांडी घासली, डबे पुसून ओळीत लावले. रव्याचा डबा अर्धा आहे. घेऊन जावा की ठेवावा? ठेवला. परत घेतला. ठेवला.

टोपी झाली. शेवटचे आठ टाके एका धाग्यात ओवून आवळले. मुठीवर चढवून पाहिली. लहान वाटते. नवे बाळ केवढे असते, मला माहीत नाही. फोनवर ताईला विचारले, ती म्हणाली, "मले का माहीत, मी बी पयलांदाच पायनार हाये."

भाऊंशी त्या विषयावर पुन्हा बोलणे काढले. "जे सांगतलं ते सांगजो," एवढेच.

१ डिसेंबर, सोमवार
रेंज ऑफिस. १०.४०. व्हरांड्यात बाकावर. भाऊंनी धुतलेला सदरा घातला आहे, टाच वर करून गुडघा हलवत आहेत. एसटीत पूर्ण वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मी तीनदा विचारले, भाऊ, काय ठरले? तीनदा म्हणाले, धान कापून झालं पाय ना इकडलं.

आत मॅडम आहेत, साहेब आहेत. भिंतीवर नवा मोठा फोटो लावला आहे, वाघीण आणि दोन पिल्ले. खाली तारीख, वेळ. ओंडका आहे त्यात. कोणीतरी येऊन त्याच्यासमोर मोबाईल धरून गेले.

११.०५. शिपायाने हाक मारली. मला वाटले दोघांना. तो म्हणाला, एकेक. आधी मनसाराम.

भाऊ उठले, माझ्याकडे न पाहता आत गेले. दार लागले. आतून आवाज येतो, शब्द कळत नाहीत. एकदा कोणीतरी हसल्यासारखे वाटले, साहेब की भाऊ, सांगता येत नाही.

त्यांनी ठरल्याप्रमाणे सांगितले असेल तर मी माझे सांगितले की दोघेही खोटे ठरू. त्यांनी ऐनवेळी खरे सांगितले असेल तर खोटा मी एकटा.

दार उघडले. भाऊ बाहेर येत नाहीत, त्यांना आतच बसवले आहे. शिपायाने माझे नाव घेतले.