बिगोनियाला जागा हवी

अहो,

'प्रिय' लिहायला घेतलं आणि माझं मलाच हसू आलं. जन्मभर 'अहो' म्हटलं, आता या वयात 'प्रिय' कुठून आणू? परवा दसरा. मंदार पुण्याहून येईल, दरवर्षीसारखा तुमच्या स्कूटरला हार घालायला. यंदा स्कूटर जागेवर नसेल. काल फोनवर सांगितलं तर चिरंजीव चिडले. म्हणून म्हटलं, तुम्हालाही माझ्याकडूनच कळू दे.

सगळं तुमच्या त्या बिगोनियामुळे झालं!

लहानपणी देवळाली कॅम्पात कुठल्याशा बंगल्याच्या दारात ती फुलं पाहिलीत आणि ठरवून टाकलंत, आपलं घर झालं की दारात बिगोनिया. घर झालं नाशिकरोडला, आणि फाटक नेमकं पश्चिमेला. दुपारचं ऊन तिथे भाजून काढतं. पानं कडेनं करपायची, तुम्ही आणखी पाणी ओतायचात, मग मुळं कुजायची. मी म्हणायचे, "अहो, आडोशाला हलवा." तर तुमचं ठरलेलं, "मागे ठेवून फुलं बघणार कोण?" मी बघितली असती की! मी कोणीच नव्हते का?

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एवढी मोठी यंत्रं सांभाळलीत, पण एका रोपाला किती ऊन सोसतं ते कधी पाहिलं नाहीत. रागावू नका. खरं तेच लिहिते आहे.

या उन्हाळ्याअखेर एकच कुंडी उरली. तीही माना टाकायला लागली तेव्हा मी हट्टाला पेटले, हिला मरू द्यायचं नाही. मांजर पिल्लं फिरवतं तशी ती कुंडी घरभर फिरवली. आंब्याखाली इतकी गडद सावली की नुसत्या काड्या वाढल्या. कपडे धुण्याच्या दगडापाशी पावसात ओल हटेना, देठ मऊ पडले. जिन्याखाली वारा नाही, पानांवर पांढरी भुरी आली. शेवटी पूर्वेच्या ओट्यावर ठेवली. सकाळचं कोवळं ऊन, मग वरच्या पत्र्याची सावली, पाणी साचत नाही, वारा खेळता. थोड्याच दिवसांत लालसर कोवळं पान फुटलं. मी एकटीच टाळ्या वाजवत उभी!

पण त्या ओट्यावर तुमची स्कूटर. कुंडीला चाकाआड जेमतेम कोपरा मिळालाय. फांद्या लावून मी आणखी रोपं केली आहेत, ती कुठे ठेवू?

तुम्ही गेल्यापासून गाडीला कोणी हलवलेलं नाही. टायर बसले, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. मंदार दसऱ्याला हार घालतो, हळदकुंकू लावतो, फोटो काढतो आणि जेवून जातो. पुढे वर्षभर मी तिच्या बाजूनं अंग चोरून ये-जा करते. सुरुवातीला त्या हँडलला धरून मीही रडले आहे, खोटं कशाला बोलू? तुमची आठवण आजही फार येते. पण तेवढ्यासाठी ओटा अडवून ठेवायची गरज नाही.

गेल्या रविवारी रफिकभाई आले होते, तुमच्याच शिफ्टचे. मी सरळ विचारलं, "भाई, गाडी नेता का?" ते तिच्यापाशी गेले. सीटवरची धूळ रुमालानं पुसली. मग म्हणाले, "वहिनी, नेतो. पण वापरायला नेतो हं, पुजायला नाही."

"म्हणून तर तुम्हाला विचारलं," मी म्हटलं.

आणि काल मंदार म्हणतो कसा, "आई, तू बाबांना घराबाहेर काढतेयस." फार लागलं हो. तुम्ही असता तर कुणाची बाजू घेतली असती? लेकाचीच ना? नेहमी तेच करायचात! पण मी आवाज चढू दिला नाही. म्हटलं, "बाबा गेलेत रे. या घरात मी राहते."

मग तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. त्याला वाईट वाटलंय. परवा पुरणपोळी वाढताना समजूत काढीन, पण गाडी परत आणणार नाही.

उद्या सकाळी रफिकभाई येतील. डिकीतला तुमचा मफलर तेवढा काढून घेतला आहे, धुऊन कपाटात ठेवीन. गाडी गेली की ओटा स्वच्छ घासायचा, कुंड्या मांडायच्या आणि त्यांच्याशेजारी माझी खुर्ची टाकायची. इतकी वर्षं या घरात माझी म्हणून बसायची जागा कुठे होती?

तुम्हाला शब्द देते. ही रोपं मी जगवीन. रोज सकाळी ऊन ओट्यावर असेतो तिथे बसेन. आणि चहाचं आधण एकाच कपाचं ठेवीन. अजून हात दोन कप पाणी घेतो, पण ठेवीन.

तुमचीच,
शालिनी