यंत्राच्या खोलीची मोहोर उघडून काच स्पिरिटने पुसू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
संयुक्त रेणुजीवशास्त्र प्रयोगशाळा (मासळी विभाग व आंबा विभाग),
रत्नागिरी.

अर्जदार : कु. अलफिया हुसेन होडेकर, संशोधन विद्यार्थिनी, मासळी विभाग.

विषय : जेलचे फोटो काढण्याचे यंत्र मुंबईस न पाठविता जागेवरच पुसू देण्याबाबत.

संदर्भ : "यंत्रातून किरण गळत असल्याने खोलीत कोणीही जाऊ नये" हे आपले परिपत्रक, तसेच त्यानंतर सदर खोलीच्या दारावर अज्ञात व्यक्तीने बांधलेली लिंबू-मिरची.

महोदय,

अर्जदार तीन वर्षे या प्रयोगशाळेत तिसऱ्यांचा, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचा, अभ्यास करीत आहे. वेगवेगळ्या खाड्यांतल्या तिसऱ्या दिसायला एक असल्या तरी एका कुळीच्या आहेत की नाहीत, हा तिच्या प्रबंधाचा विषय. (खाल्ल्यावर जे कळते ते तीन वर्षे कसले बघायचे, असे तिच्या आईचे म्हणणे आहे; तो मुद्दा या अर्जाच्या कक्षेबाहेरचा.) बकरी ईदनंतर अर्जदाराचा निकाह ठरला असून पुढे तिला मस्कतला जावयाचे आहे. शेवटच्या जेलचा स्वच्छ फोटो तेवढा बाकी आहे. तो या महिन्यात निघाला तर प्रबंध पुरा होतो, न निघाल्यास तीन वर्षांच्या तिसऱ्या पुन्हा पाण्यात. आणि आपल्या आदेशानुसार यंत्र येत्या शुक्रवारी भागोजीच्या टेम्पोने हातखंब्यापर्यंत व तेथून सुक्या बोंबलांच्या ट्रकने मुंबईस दुरुस्तीला जाणार आहे. मुंबईला गेलेले यंत्र आणि मुंबईला गेलेला चाकरमानी गणपतीशिवाय परत येत नाही, हे आपणांस ठाऊक आहेच.

सदर यंत्र वाईट नाही, हे प्रथम नमूद करणे भाग आहे. चायना ग्रासच्या वडीसारखा दिसणारा जेल काचेवरच्या ठरल्या खुणेत ठेवायचा, झाकण लावायचे, मग खालून अतिनील किरण सोडायचे आणि वरच्या कॅमेऱ्याने तेवढ्या जेलपुरता फोटो घ्यायचा, एवढेच त्याचे काम. झाकण बंद असेल तर किरण बाहेर येत नाहीत. उघडे राहिले तर डोळे आणि कातडी दोन्ही भाजतात, म्हणून तोंडासमोर खास ढाल धरावी लागते. शिपाई सदूने आपल्या वडिलांचा मोतीबिंदूचा काळा चष्मा अर्जदारास आणून दिला. त्यामागची माया मान्य आहे, पण तो चष्मा या कामी उपयोगाचा नाही. जेलमधला डीएनए किरणांत लखलखावा म्हणून लावलेला रंगही अंगाला लागू द्यायचा नसतो. सबब जेल उचलणारा हात हातमोज्यात, आणि दाराची कडी, माऊस व झाकण यांना लागणारा हात मोकळा, असा नियम आहे. "मासळी साफ केलेल्या हाताने कोणी मिठाची बरणी उघडते काय?" असा कागद अर्जदाराने दारावर लावल्यापासून मासळी विभागात हा नियम सगळे पाळतात. आंबा विभागाने मात्र, आम्ही शाकाहारी आहोत, असे लेखी कळविले आहे.

तक्रार दिवाळीच्या सुमारास सुरू झाली. प्रत्येक जेलमध्ये कडेच्या एका रांगेत नुसते पाणी घालतात, आणि ती रांग फोटोत कोरी यायला हवी. ती कोरी येईना. तेथे एक ठिपका लखलखू लागला, म्हणजे पाण्यातही तिसऱ्या! अर्जदाराने पाणी बदलले, रसायने टाकून दिली, नळ्या नव्या घेतल्या, रमजानचे रोजे धरून सगळे पहिल्यापासून केले. ठिपका जागचा हलला नाही. मार्गदर्शकांनी काम स्वच्छ हाताने करावे असे सुचविले, ते तिच्या फार मनाला लागले आणि त्या संध्याकाळी ती घरी जाऊन रडली. मग आंबा विभागाच्या श्री. विनीत खडपे यांच्या कोऱ्या रांगेतही तोच ठिपका उगवला. आंबावाले म्हणाले, हा मासळीचा प्रताप. मासळीवाले म्हणाले, हा आंब्याचा चीक. दोन्ही विभागांनी चहाचे कप वेगळे केले. त्यानंतर आपले परिपत्रक निघाले, दाराला मोहोर लागली आणि वर लिंबू-मिरची आली.

मोहोर लागण्यापूर्वी अर्जदाराने घाईघाईत झाकण लावून सबंध रिकाम्या काचेचाच एक फोटो काढला होता, पण त्याची फ्लॉपी न पाहताच पर्समध्ये राहून गेली. गेल्या रविवारी ती घरी सगळे जुने फोटो ओळीने मांडून बसली असता तिच्या आईने पाहिले की, ठिपका दर फोटोत थोडा थोडा फिका होत आहे. आई म्हणाली, "हळदीचा डाग उन्हात असाच उडत जातो गो." अर्जदाराने तडक मामांच्या दुकानातला नोटा तपासायचा दिवा मागून घेतला, कारण त्यातही थोडे असेच किरण असतात. काचेच्या तुकड्यावर हळद लावली, ती दिव्यात लखलखली. पाण्याने पुसली, तरी तशीच. स्पिरिटने पुसली, आणि गेली. मग तिला फ्लॉपी आठवली.

रिकाम्या काचेवर हळदीचा अख्खा पंजा उमटलेला आहे, आणि त्याच्या करंगळीचे टोक नेमके कोऱ्या रांगेखाली येते.

आता हळद तेथे कशी पोचली, या नाजूक बाबीकडे अर्जदार नाइलाजाने वळते. खंडेनवमीला यंत्रपूजन झाले. सदू झाकणावर हळदकुंकू लावणार, इतक्यात एका आदरणीय व्यक्तीने "पूजा वरवरची नको, आत होऊ दे" असे म्हणून झाकण उघडविले आणि पाडव्याला गुरांच्या अंगावर उमटवितात तसा ओल्या हळदीचा पंजा काचेवर उमटविला. भावना उत्तम होती. पेढेही उत्तम होते, अर्जदाराने दोन खाल्ले. मग त्याच व्यक्तीने यंत्र चालवून पाहावे म्हणून हात धुऊन हातमोजा चढविला, तो पुष्कराजाच्या जाड अंगठीवर टर्रकन फाटला. सगळे हसले, ती व्यक्तीही हसली. काच दुसऱ्या दिवशी पाण्याने पुसली व पिवळे काही दिसेनासे झाले, म्हणून कोणास संशय आला नाही. सदर व्यक्ती कोण, हे अर्जदारास आता नीटसे आठवत नाही, आणि मस्कतला गेल्यावर मुळीच आठवणार नाही.

सबब विनंती की, शुक्रवारपूर्वी मोहोर उघडावी आणि यंत्र बंद ठेवून अर्जदारास काच स्पिरिटने पुसू द्यावी. दोन्ही विभागांचे कप पुन्हा एका ट्रेमध्ये ठेवण्याचा आदेश व्हावा. यापुढे पूजा अवश्य व्हावी, पण झाकणावर. येत्या दसऱ्याला अर्जदार येथे नसेल. तिच्या वाटणीचे दोन पेढे सदूस द्यावेत.

स्पिरिटची बाटली जवळ घेऊन परवानगीची वाट पाहणारी,

आपली नम्र,
अलफिया हुसेन होडेकर
रत्नागिरी, १९ जानेवारी २००४

सोबत :
१) निकाहाचे आमंत्रण. आपण सहकुटुंब यावे.
२) रिकाम्या काचेचा फोटो, कार्यालयीन प्रत.
३) तोच फोटो, संपूर्ण, एकच प्रत, बंद पाकिटात, फक्त आपणांसाठी. यात अनामिकेच्या मुळाशी जाड अंगठीएवढी पट्टी कोरी आली आहे. कार्यालयीन प्रतीतून अर्जदाराने ते बोट कापले आहे.