दुसरा चालक

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे खुर्चीत बसूनच घालतो आहे, चालवून घे). डोळ्यांत थेंब वेळेवर घालतोस ना? की वहिनीशी हुज्जत घालून बाटली लपवतोस? आम्ही इकडे अगदी मजेत आहोत. तू आला नाहीस म्हणून कुणाचं काही अडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

डॉक्टरांनी तुझं गाडी चालवणं बंद केलं, मान्य. पण "मग मी काय सामान म्हणून बसू?" असं म्हणून तू ऐन वेळी घरीच राहिलास, ते मला अजून पचलेलं नाही. वीस वर्षं आपण जेवणाची ताटं बाजूला सारून या सहलीचे नकाशे पसरत होतो. कशासाठी, सांग ना! असो.

गाडी भाड्याने देणाऱ्या ऑफिसात काउंटरवरच्या बाईंनी अर्ज पुढे केला. त्यात 'दुसरा चालक' असा रकाना होता. मी सवयीने तुझं नाव लिहून मोकळा. (आपली नावं जोडीनेच जायची, शाळेतल्या शिक्षेच्या यादीतसुद्धा.) बाई म्हणाल्या, दुसऱ्या चालकाला समोर पाहिल्याशिवाय किल्ली देता येत नाही, कुठे आहेत ते? आता माझ्या तोंडून काय निघावं? "येतोच आहे." झालं! त्या बिचाऱ्या थांबल्या. मीही थांबलो. दोन तास, दादा! तुझी भावजय बॅगेवर डोकं टेकून चक्क घोरायला लागली. दार उघडलं की मी आपला मान वर करायचो. शेवटी बाईंनीच पट्टी लावून तुझं नाव खोडलं. खरं सांगतो, फार वाईट वाटलं.

गाडी झकास आहे. परदेशातली म्हणून स्टीअरिंग तेवढं भलत्या बाजूला, त्यामुळे दोनदा मी दुसऱ्याच दाराने आत बसून ते शोधत होतो. पण खरा घात केला तो पहिल्या गोल चौकाने. तू "घे आता" म्हटल्याशिवाय मी आजवर चौक ओलांडलेला नाही. इथे कोण म्हणणार? फिरत राहिलो. सात फेऱ्या! कडेच्या बाकावरचे एक आजोबा चौथ्या फेरीपासून हात हलवायला लागले, मग मीही हलवला, उगाच शिष्टपणा नको. हिला म्हटलं, अगं, तू तरी म्हण. तर म्हणे, "मी काय भावोजी आहे का?" अखेर मागच्या ट्रकवाल्याने असा काही भोंगा वाजवला, की घाबरून मिळेल त्या रस्त्याला लागलो. तो आमच्याच हॉटेलचा निघाला.

त्यानंतर मात्र हात बसला. समुद्र झाला, डोंगर झाले, डोळे भरून बघतो आहे. तू स्वतःला जप.

तुझा (फक्त गाडीत) आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. दादा, तिकडे संध्याकाळी फिरायला एकटा जाऊ नकोस. रस्ता ओलांडताना वहिनीचा हात धर, लाजू नकोस.

ता. क. दुसरा. भावोजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून लिहिते. समुद्र, डोंगर, सगळ्या थापा. चार दिवस गाडी हॉटेलच्या आवारातून हललेली नाही. हे सकाळी जाऊन तिच्यात बसतात, नकाशा उघडतात आणि जेवायलाच वर येतात. यांना एकट्याने काही बघवत नाही. तुम्हाला दिसेल तेवढं दिसू दे, पण वहिनींना घेऊन या. गाडी महिनाभर ठेवून घेतली आहे. मी सोबत बसायला गेले, तर मला हे मागे बसवतात. पुढची सीट तुमच्या लांब पायांना पुरेल एवढी मागे सरकवून ठेवली आहे, तिला हातसुद्धा लावू देत नाहीत.