शेवटच्या पानावरची होडी

मकरंद भाऊजी,

मी आमच्या ऊर्मीला घेऊन वेस्ट मांबलमला, आईकडे जाते. इडलीचं पीठ फ्रीजमध्ये आहे.

अनयच्या चित्रांच्या सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन मी एक तारखेला बंद केलं. तुमचा भाऊ कोवलमच्या समुद्रात बुडाला त्याला सहा महिने झाले; आता कोणासाठी चालू ठेवायचं? त्याआधी त्याच्या चित्रपुस्तकाची सगळी पानं पीडीएफ करून काळ्या हार्ड डिस्कवर घेतली. ती तुमच्या कपाटात ठेवलीय. मूळ फायली उघडतात, पण नुसत्या बघता येतात. साधी रेघसुद्धा सेव्ह होत नाही, मी करून पाहिलं.

शेवटच्या पानावरची रिकामी होडी पीडीएफमध्ये अजून भर समुद्रात आहे. आज सकाळी मूळ फाइल उघडली, तर होडी किनाऱ्याला लागलेली, वाळूत ओली पावलं, आणि चित्रावर चढवलेला एक नवा थर, लेयर. त्याचं नाव ‘येतो’.

त्या दिवशी दारातून तो तेवढंच म्हणून गेला होता.

आपल्यात निघताना कोणी ‘जाते’ म्हणत नाही, तरी वर मी मुद्दाम तसं लिहिलंय. तुम्हीही कुलूप लावताना ‘येतो’ म्हणू नका.

सुनीती