सकाळची टकटक

भाऊजी यांस वहिनीचा नमस्कार. (नात्यानं मी मोठी आणि वयानं तुम्ही दीड वर्षानं मोठे, तेव्हा नमस्कार नको वाटला तर आशीर्वाद समजून ठेवून घ्या. दोन्ही मनापासून आहेत.) तुमची कंबर कशी आहे? जाऊबाईंचा खोकला थांबला का? नसेल थांबला तर तुम्ही घरात सिगरेट ओढणं थांबवा, म्हणजे थांबेल. आम्ही इकडे बरे आहोत. म्हणजे माणसं बरी आहेत, गाडी आजारी होती, आणि तिच्या आजारपणात मला वेड लागायचं तेवढं राहिलं. हे फोनवर सांगितलं असतं, पण मी फोनवर बोलले की सगळी गल्ली ऐकते, आणि ही गोष्ट गल्लीनं ऐकण्यासारखी नाही. चौथीनंतर मी पेन धरलं ते पडद्यांची मापं लिहायलाच. तेव्हा अक्षर लावून घ्या, आणि नाही लागलं तर जाऊबाईंकडून वाचून घ्या, पण चूकबीक काढू नका.

तर थंडी पडली आणि गाडी सकाळी चालू केली की आतून टकटक यायला लागली. कुणीतरी इंजिनात अडकलंय आणि बोटाच्या पेरानं दार वाजवतंय, तशी. शिवलेले पडदे गिऱ्हाइकांकडे पोचवायचे असतात म्हणून सकाळी गाडी मीच चालू करते, तुमचे दादा शेजारी बसून "क्लच सोड, क्लच सोड" करतात. मी मोजलं. पंधरा-वीस अंक मोजेपर्यंत टकटक, मग एकदम गप्प. मी यांना विचारलं, ऐकलंत का? हे म्हणाले, काय ऐकायचंय, इंजिन लोण्यासारखं चाललंय. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी म्हणाले, तुझ्या डोक्यात शिवणयंत्र बसलंय. आता मला गाडीतलं कळत नाही हे कबूल, पण मशिनची सुई खाली कुठं घासली तर मला स्वैपाकघरातून कळतं. लोखंडावर लोखंड आपटतंय एवढं कळायला शाळा लागत नाही.

लेकीला सांगायला गेले ही माझी चूक. ती म्हणाली, आई, इंजिन संपलं असणार, उघडायच्या फंदात पडू नका, भंगारात देऊन टाका. तिला बोलायला काय जातंय. पडद्यांचे गठ्ठे मी डोक्यावरून नेईन, पण गाडी गेली तर तुमच्या दादांचं काय करू? तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, आता घरी बसून दोन वर्षं झाली. ही म्हातारी गाडी, आणि सुट्टीच्या दिवशी गल्लीतले लोक आपापल्या गाड्या दाखवायला आणतात ते, एवढंच त्यांचं राहिलंय. तुम्ही पाहिलंयच ते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, डोळे मिटायचे, आणि सगळे लोक श्वास धरून उभे. मग निकाल. माझ्या बाळंतपणात डॉक्टरनंसुद्धा इतकं गंभीर तोंड केलं नव्हतं. त्या माणसाच्या दारातून गाडी भंगारात गेली, तर मागोमाग तो माणूस खुर्चीतून उठायचा नाही. म्हणून मला त्या टकटकीचं मूळ हवं होतं, आणि ते स्वस्तात सुटणारं हवं होतं.

यांना न सांगता मी गाडी गॅरेजात नेली. आता गंमत बघा. ही टकटक इंजिन गार असतानाच येते, आणि गॅरेज आमच्यापासून वीस मिनिटं. पोचेपर्यंत इंजिन तापून शहाण्यासारखं गप्प. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून कान दिला, मान हलवली. मी तीनदा नेली. दुसऱ्या वेळी मी तिथल्या पत्र्याच्या डब्यावर पान्यानं टकटक करून दाखवली (तर आतून एक माणूस चहा आणू का विचारायला आला). तिसऱ्या वेळी गॅरेजवाल्यानं मला हळूच विचारलं, काकू, झोप नीट लागते ना? मी त्याला म्हटलं, माझी झोप सोड, तुझी मोड, आणि उद्या सकाळी सहाला माझ्या दारात ये. माणूस भला. आला बिचारा, मफलर गुंडाळून.

आणि तुमच्या दादांनी काय करावं? गॅरेजवाला येणार हे रात्री मी सांगून बसले होते. हे साडेपाचला उठले, परका माणूस गाडी बघायला येणार म्हणून ती पुसली, काचा घासल्या, आणि "गार गाडीत त्याला कशाला बसवायचं" म्हणून अर्धा तास चालू करून ठेवली. गॅरेजवाला आला तेव्हा इंजिन भाकरी भाजता येईल इतकं तापलेलं, आणि हे दारात हसत उभे. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, कारण पत्र जाऊबाई वाचणार आहेत. गॅरेजवाला मात्र रागावला नाही. उद्या परत येतो म्हणाला. त्या रात्री किल्ली मी पिठाच्या डब्यात पुरली.

दुसऱ्या दिवशी सहाला आम्ही तिघं बॉनेटभोवती. किल्ली झटकली (झटकूनही थोडं पीठ राहिलंच) आणि मी गाडी चालू केली. टकटक. इतकी स्पष्ट, की समोरच्या घराची खिडकी उघडली. गॅरेजवाल्याचं तोंड उजळलं, माझा जीव भांड्यात पडला, की चला, मी वेडी नाही. तुमच्या दादांनी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला होता, डोळे मिटलेले. मी मनात मोजत होते. अठराव्या अंकाला आवाज बंद झाला. इंजिन छान, मऊ चालायला लागलं. हे तसेच उभे. बराच वेळ. मग डोळे उघडून त्यांनी आधी गॅरेजवाल्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या, आणि बोट वर करून म्हणाले, "हां, आता ऐका. आता सुरू झाला."

भाऊजी, तिथे काहीच सुरू झालं नव्हतं.

गॅरेजवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मग त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "बरोबर काका. वरच्या अंगालाच आहे." त्या माणसाला मी आयुष्यभर फुकट पडदे शिवून देईन.

निदान असं निघालं की इंजिनाला काही झालेलं नाही. तेल गाळायचा जो फिल्टर असतो, त्यात एक रबरी पडदा असतो. गाडी बंद झाली की तेल परत खाली उतरू नये म्हणून. आपला पडदा ढिला, त्यामुळे रात्रभरात तेल खाली, आणि सकाळी ते वर चढेपर्यंत आतले भाग कोरडेच आपटतात. फिल्टर बदलला, टकटक गेली. हा फिल्टर दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच मोठ्या हौसेनं पाठवला होता, तो यांनी स्वतः बसवला. तुम्हाला दोष देत नाही. फक्त यापुढे भेट म्हणून टॉवेल पाठवा.

पण त्या दिवसापासून माझं दुसरंच सुरू झालंय. गेल्या सुट्टीला समोरचा आपली गाडी घेऊन आला, तर मी शिवण सोडून यांच्याकडे बघत बसले. हे इंजिन ऐकतच नाहीत हो. गाडीवाल्याचं तोंड बघतात. तो कपाळाला आठ्या घालतो तेव्हा हे म्हणतात, हं, इथेच आहे. हात ठेवून थरथर बघतात, तीस वर्षांचा अनुभव लावतात, आणि दहात सात वेळा बरोबर निघतं. किती वर्षं असं चाललं असेल? मला कसं कळलं नाही म्हणाल, तर मी बोलते कशी ते तुम्हाला ठाऊक आहे. माझा आवाज भिंतीपलीकडे जातो. या घरात ऐकायला कमी येतंय हे कळायला बाई हळू बोलणारी लागते, ती तुमच्या दादांच्या नशिबी नव्हती. काल मुद्दाम हळू म्हणून बघितलं, चहा ठेवू का. काही नाही. परत हळू म्हटलं. मग मी स्वैपाकघरात जाऊन नळ सोडला आणि थोडी रडले. मग चहा ठेवला.

मी तोंडाची फटकळ. लेकीच्या सासूला तोंडावर बोलले, बँकेच्या साहेबाला बोलले. पण "तुम्हाला ऐकू येत नाही" हे एक वाक्य माझ्याच्यानं होईना. बाकी काहीही जाऊ दे, पण लोक गाडी घेऊन दारात येतात ते त्या कानांसाठी. ते कान गेलेत हे मी सांगायचं म्हणजे भंगारवाला मीच बोलावल्यासारखं.

असो. हात दुखायला लागला. तुम्ही दोघं जपा.

तुमची,
वहिनी

ता.क. जाऊबाईंनी मला सांगितलंय की तुम्ही दोन वर्षं कानात मशीन घालता आणि ते दिसू नये म्हणून केस वाढवलेत. (त्यांना रागावू नका, मीच खोदून काढलं.) तर या सुट्टीत चार दिवस इकडे या. येताना केस कापून या. मशीन सगळ्यांना दिसू दे, जेवताना काढून पुसा, त्याची फुशारकी मारा, तुमच्या स्वभावाला ते जड नाही. पण दादांच्या कानांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. धाकट्याकडे एखादी वस्तू आहे आणि आपल्याकडे नाही, हे त्यांना लहानपणापासून सहन होत नाही, असं तुमची आई सांगायची. बाकी तेच बघतील.

आणखी एक ता.क. हे आत्ता येऊन विचारून गेले, कुणाला लिहितेस. मी म्हटलं, भाऊजींना, फिल्टरबद्दल. म्हणाले, लिही त्याला, आज सकाळी मी स्वतः नीट कान देऊन ऐकलं, आवाज अजिबात नाही. मी म्हटलं, लिहिते. लिहिलं. भाऊजी, आवाज खरंच नाहीये.