रबराचा वास

ती. पवित्राक्का,

जुन्या टायरांपासून तेल काढणाऱ्या कंपनीत तू पुढच्या आठवड्यात प्लॉट विकलेले पैसे घालणार, ते माझ्या शब्दावर. त्यांची बाटली हुंगून मीच म्हणालो होतो, "रबराचा वास न्हाय, म्हंजे शुद्धीकरण पक्कं हाय."

आज परड्यात बंद डब्यात टायरचे तुकडे तापवून मी स्वतः तेल काढलं. कितीही गाळलं तरी जळक्या रबराची घाण जात नाही. म्हणजे त्यांच्या बाटलीत पंपावरचं डिझेल होतं.

हेच सांगायला मघाशी फोन केला. तू म्हणालीस, "आमचा शशी इंजिनेरांस्नी शिकवतोय, असं उचगावभर सांगितलंय मी. भरू न्हवं पैसे?"

मी म्हणालो, "भर की."

पाकिटावर तुझा पत्ता अजून लिहिलेला नाही.

तुझा,
शशिधर