सिलिंडर जाळीत न्यावा

रविवार, १४ सप्टेंबर
दुपारी

प्रिय ताई,

पत्र बघून दचकू नकोस, भावजी बरे आहेत. पायाचं प्लास्टर अजून महिनाभर राहील. जेवण नीट चाललंय, आणि माझ्या घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर तुझ्या नवरोबांनी कबजा केलाय. मोठीची परीक्षा कशी झाली? धाकटीचा हलणारा दात पडला का एकदाचा? फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर तू रडतेस, आणि तू रडलीस की मी खोटं बोलते. म्हणून लिहायला बसले.

उद्या दहा वाजता भावजींची चौकशी आहे. गोदामवाले म्हणतात, लेखी सूचना असूनही त्यांनी निष्काळजीपणा केला. तसं ठरलं तर नोकरी जाईल, आणि तो शेरा घेऊन गेलेल्या माणसाला दुसरं गोदाम दारातही उभं करत नाही.

ह्याच गोदामातलं माझं काम मी तुला कधी धड सांगितलंच नाही. तू शेजारीपाजारी सांगत फिरतेस, ‘धाकटी ऑफिसात इंग्रजी लिहिते.’ अगं, लिहीत नाही, उलट करते! मालाबरोबर इंग्रजी सूचनांची कार्डं येतात, ती कामगारांसाठी मराठीत उतरवते. ह्या इंग्रजीची एक खोड आहे. आधी क्रियापद, मग वस्तू, मग ती कुठे जायची ते ठिकाण, की झालं वाक्य. क्रियापद कुठलंही चालतं. आपण शिट्टी मारून कुत्र्याला घरात बोलावतो, ते कुत्र्याला सरळ घरात ‘शिट्टीतात’! कसं आणि कुठे, दोन्ही एका दमात. आपल्याला मात्र सांगावं लागतं, ढकलत ने, घसरवत ने, दोघांनी धरून ने. ते ‘कसं’ ठाऊक नसेल तर मराठी वाक्य पोकळ राहतं.

म्हणून आमच्या स्टोअरच्या बाईंचा नियम आहे. कार्ड उतरवणारीनं ते काम आधी आपल्या हातांनी करून बघायचं, मग कामगारांना करून दाखवायचं, मगच खाली सही. मी ड्रम सरकवलेत, पिंपं घरंगळवलीत, साड्यांची वाट लावून घेतलीय. बाई म्हणतात, हाताला कळलं की शब्द आपोआप सुचतो.

गॅसच्या सिलिंडरचं कार्ड आलं, त्यावर होतं, ‘वॉक द सिलिंडर इनटू द केज.’ म्हणजे सिलिंडर चालवत जाळीच्या खोलीत न्या. आता माणसाच्या छातीइतका उंच लोखंडी सिलिंडर चालणार कसा? मला कळलं नाही. विचारायला हवं होतं. पण सहा कार्डं बाकी होती, आणि तू मला लहानपणापासून घाईबाई म्हणतेस ते काही उगाच नाही. मी ‘कसं’ गाळलं आणि लिहिलं, ‘सिलिंडर जाळीत न्यावा.’ खाली छापलेलं असतं, ‘करून दाखवले.’ त्यावर सही ठोकून मोकळी झाले.

भावजींनी तो सरळ कवेत उचलला. पुढचं तुला माहीत आहे.

काल सकाळी साहेबांनी जबाब घेतला. भावजी म्हणाले, ‘हातातून सुटला नि पायावर पडला.’ साहेबांनी इंग्रजीत लिहिलं, ह्यांनी सिलिंडर स्वतःच्या पायावर पाडला. कागद माझ्याकडे सरकवला. ‘त्यांना समजावून सांगा, दोघांच्या सह्या घ्या, सोमवारी आणा.’ भावजी तर पेन घेऊनच बसलेत. ‘दे इकडे, कुठे करू सही? मीच धांदरट.’ वर माझीच समजूत काढतात, ‘तू कशाला तोंड एवढंसं करून बसलीस?’ मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

काल जेवणाच्या सुट्टीत मी सिलिंडरच्या ट्रकवाल्याला गाठलं. त्यानं एक रिकामा सिलिंडर घेतला, अंगाकडे जरासा कलता केला, एक हात सिलिंडरच्या लोखंडी टोपीवर, दुसऱ्यानं फिरवत बुडाच्या कडेवर पुढे नेला. उचलायचा नाहीच! म्हणाला, ‘बघा बाई, चालला की नाही?’ मग मी नेला, दारापासून जाळीपर्यंत. मी, ताई! जिच्या पाठीत बादली उचलली तरी चमक भरते. शिकून, नेऊन, सगळं मिळून सात मिनिटं लागली.

अजून एक आहे. तेच लिहायला बसले आणि दोन पानं तेवढंच टाळलं.

अपघाताच्या सकाळी भावजी ते कार्ड घेऊन माझ्या टेबलाशी आले होते. ऑफिसात चार जण बसलेले. हळूच म्हणाले, ‘हे न्यायचा म्हणजे कसा गं?’ मी मानही वर केली नाही. म्हटलं, ‘न्यायचा म्हणजे न्यायचा, भावजी! आता तेही मीच शिकवू का?’ सगळे हसले. मीही हसले. भावजी पण हसले आणि गेले. हे त्यांनी साहेबांना सांगितलं नाही. तुलाही सांगितलं नसणार, मला माहीत आहे.

साहेबांच्या कागदावर मी सही करणार नाही. माझा वेगळा कागद लिहिलाय, इंग्रजीतच. न दाखवता सही केली, ते लिहिलं. शेवटचं वाक्य मराठीत मला चार ओळींत जमलं नसतं, इंग्रजीत एका क्रियापदात बसलं. ‘आय लाफ्ड हिम आउट ऑफ द रूम.’ म्हणजे मी त्यांना हसून खोलीबाहेर घालवलं. आधी मी, मग भावजी, मग दार. लपायला कुठे जागाच नाही.

माझी नोकरी जाईल. जाऊ दे. तू मला काय म्हणशील, त्याचीच भीती वाटते. मी स्वतःला ओळखते, सकाळी पाय मागे घेईन. म्हणून आत्ताच खाली जाऊन हे पत्र पेटीत टाकते. ते तुझ्याकडे निघालं की उद्या मला माघार घेता येणार नाही.

भावजी खुर्चीतून विचारतायत, ‘एवढं काय लिहितेस तिला?’ पेटीशी जाऊन आले की त्यांच्यासमोर बसणार आहे. ह्या वेळी मान वर करून सांगेन.

अजूनही म्हणणार असलीस तर तुझीच,
घाईबाई